टीसीएलचं उघडं पोतं

माझी लोखंडी ट्रंक देवळ्याच्या स्टँडवर एसटीच्या टपावर शांतारामने चढवली. ऐंशीचं साल नुकतंच उलटलं होतं. काही वर्षं तालुक्यात सरकारी डॉक्टर म्हणून काढून मी साथरोगांच्या पुढच्या शिक्षणाला परदेशी निघालो होतो. अर्धं गाव पोचवायला आलं होतं. "डॉक्टर, गोऱ्यांनाबी हगवण लागते का हो?" कुणीतरी विचारलं, आणि सगळे हसले. माझे वडील मास्तर. ते एवढंच म्हणाले, "सहीच्या वर काय लिहिलंय ते आधी वाचत जा." शांताराम शिडीवरून उतरला, हात झटकत म्हणाला, "जपीसन जावा, साहेब."

तो हमाल नव्हता. आदल्या वर्षापर्यंत तो ग्रामपंचायतीचा शिपाई होता आणि गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, टाकायचं काम त्याचं होतं. त्याची नोकरी माझ्या एका वाक्याने गेली होती. हे त्याला माहीत नव्हतं.

आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात नाला फुटून घाण विहिरीत शिरली. मी आरोग्य केंद्रातून पावडर पाठवली. दुसऱ्या दिवशी शांताराम परत आला. "साहेब, पावडरले वासच नही शे." मला कळलं. पोतं माझ्याच केंद्रात उन्हाळ्यापासून उघड्या तोंडाने पडलं होतं. अशी पावडर निव्वळ चुना होते. नवं पोतं जिल्ह्याहून मागवायचं, तर जुनं का नासलं ते लिहून द्यावं लागलं असतं, आणि माझ्या परदेशी शिक्षणाची शिफारस तेव्हाच जिल्ह्याच्या साहेबांच्या टेबलावर होती. मी म्हणालो, "दुप्पट टाक." त्याने दुप्पट टाकली.

गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. चौघं गेले. त्यात शांतारामची आई होती. चौकशीच्या कागदावर मी लिहिलं: "शिपायाने पावडर नियमित टाकली नाही." वाचूनच सही केली, बाबा.

पुढे तीसेक वर्षं मी हेच शिकवत फिरलो. साथ दवाखान्यात सुरू होत नाही, ती नाल्यात, मातीत, सांडपाण्यात सुरू होते. नद्यांचे सर्व्हे, मीटिंगा, विमानतळ. पावडरची पोती बंद ठेवा, हे मी किती देशांतल्या पोरापोरींना सांगितलं असेल! का सांगतो, ते एकदाही सांगितलं नाही. तिकडे बर्फात नळाचं पाणी निर्धास्त प्यायचो आणि इकडची पत्रं आली की आधी मरणाची बातमी शोधायचो. शांताराम गेल्याचंही असंच पत्रातून कळलं.

गेल्या महिन्यात नाशकात इंदिरानगरला त्याच्या मुलीकडे गेलो. ती शाळेत शिकवते. सगळं सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"अण्णा शेवटपर्यंत म्हणायचे, चौकशीत डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी माझी बाजू मांडली असती."

मी माफी मागायला लागलो, तर तिने हात वर केला. "मला सांगून काय होणार, काका? मला ठाऊकच होतं, अण्णांनी कामात कधी खाडा केला नाही. गावाला सांगा. वस्तीतली माणसंसुद्धा त्यांना आईला मारणारा म्हणायची."

म्हणून गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांनो, हे लिहिलं. शांतारामने पावडर रोज टाकली. पावडर मेलेली होती, आणि ते मला माहीत होतं.

येत्या ग्रामसभेत हा कागद मी स्वतः उभा राहून वाचणार आहे. इतकी वर्षं मला आपला माणूस म्हणालात, ते खोट्या कागदावर. वाचून झाल्यावर कुणी "डॉक्टर, चहा घेऊन जा" म्हणालं, तर ते माझं घर. नाही म्हणालं, तरी तेच. दुसरं शोधायचं वय राहिलेलं नाही.