छत्र्यांची बाग

रिकामी जमीन दिसली की आमच्या वहिनीला हसू फुटतं. रोपवाटिकेत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तिला स्वतःची अशी पहिली बाग मिळाली, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या अंगणातली. तीही हातची निसटत होती. बाईंना अंगण लगेच भरलेलं हवं होतं. झुडपं खेटून लावा, नाहीतर दुसऱ्याला बोलावते, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. वहिनी वाद घालत नाही. तिने घरातल्या सगळ्या छत्र्या गोळा केल्या, आणि आम्हालाही.

लख्ख कोरड्या सकाळी आम्ही मिटलेल्या छत्र्या घेऊन अंगणात उभे राहिलो, बाईंना हवं होतं तसे खेटून. दादा उंच, म्हणून तो मागे कुंतीचं झुडूप. मी खिडकीखाली जास्वंद. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती स्टुलावर बसून तगर.

वहिनी म्हणाली, "समजा, आता तीन वर्षं झाली, झुडपं वाढली. उघडा."

माझ्या छत्रीची काडी दादाच्या कॉलरमध्ये अडकली, दादाची आईच्या अंबाड्यात. कुंतीला जरा छाटून ठेव, असं आईने सुनेला बजावलं आणि स्वतःच खुदखुदायला लागली. तगर हसली की जास्वंद थरथरायची. मधल्या फरशीवर डॉक्टरीणबाई अडकल्या. ना दवाखान्याकडे जाता येईना, ना फाटकाकडे. दिवसभर लोकांना आ करायला सांगणारी बाई स्वतः आ करून हसत होती.

मग वहिनीने तिच्या आराखड्याप्रमाणे आम्हाला लांब लांब केलं. आता छत्रीला छत्री लागेना. वहिनी फुलून आली, तेवढ्यात माझ्यामागची काच टकटक वाजली. आत बाईंचे वडील खुर्चीत बसले होते. कोण गाल धरून येतं, कोण हसत परत जातं, हे बघण्यात त्यांचा दिवस जायचा, आणि माझ्या छत्रीने त्यांचं फाटकच झाकलं होतं.

वहिनीचं तोंड उतरलं. एवढ्या मोजमापांत त्या खुर्चीत बसून बाहेर बघायचं तेवढं राहिलं होतं. ती आत गेली, आजोबांनी खुर्ची दिली. तिथून ती मला खाली, आणखी खाली, असं खुणावत राहिली. मी पार उकिडवी बसले तेव्हा कुठे आजोबांनी अंगठा दाखवला.

"जास्वंद रद्द," वहिनी खिडकीतून म्हणाली. "तू आता बुटका एक्झोरा."

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसत काम दिलं. झुडपं वाढेपर्यंत मोकळ्या जागेत हंगामी फुलं हवीत, एवढीच अट.

"पण मी अजून किती वाढायचं?" मागच्या भिंतीकडून दादाने विचारलं. त्याला छत्री मिटायला कुणी सांगितलंच नव्हतं.