अकरा नंबरचं गवत

लग्न होऊन मी कुलाबा जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात आले, तेव्हा तिथे नवरा-बायकोला बोलायला जागा नव्हती. हसू नका, खरंच सांगते. भाड्याच्या दोन खोल्या, त्यात सासू-सासरे, दोन दीर आणि आम्ही. मीठ हवंय का एवढं विचारलं तरी चार माणसं उत्तर द्यायची. म्हणून संध्याकाळी हे कचेरीतून आले की आम्ही फिरायला म्हणून निघायचो आणि राईत जाऊन बसायचो.

राई उंडीची होती. एका बाजूला बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला कोळीवाडा आणि मधोमध ही जुनी, बुटकी, ऐसपैस झाडं. पानं जाड आणि तुकतुकीत. पांढऱ्या फुलांचा वास असा की डोकं शांत व्हायचं. बिया वेचून गावातल्या बायका तेल गाळून आणायच्या. झाडांच्या समुद्राकडच्या अंगाला मोठं मोकळं पटांगण होतं. तिथे कोळणी मासळी वाळवायच्या. बोंबील दोरीवर, जवळा खाली सारवलेल्या जमिनीवर. तेव्हा फुलांच्या वासाबरोबर तोही वास यायचा. पहिले पंधरा दिवस मी नाकाला पदर लावून बसले. मग कधी सुटला तो पदर, कळलंही नाही.

तिथे बसून आम्ही काय बोलायचो? घर. दुसरं काय बोलणार? आपलं घर कसं असेल, स्वयंपाकघराला खिडकी असेल की दोन. मी दोनावर अडून होते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमचं गाव स्वतःला शहर म्हणवून घ्यायला लागलं होतं. शहर म्हटलं की वसाहत हवी. तेव्हा ठरलं की राई तोडायची, पटांगण सपाट करायचं आणि कचेऱ्यांतल्या नोकरदारांना घरांसाठी तुकडे पाडून द्यायचे. यादी लागली. ह्यांचं नाव होतं. तुकडा नंबर अकरा.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्या जागेवर बसून घराच्या गप्पा मारल्या तिथेच घर. पावसाळा सरता सरता मोजणीवाल्यांनी खुंट्या ठोकल्या, त्यावर नंबर रंगवले. आमचा तुकडा बरोबर पटांगणात, सगळ्यात कडेच्या उंडीला लागून. मी चपलेनं जमिनीवर रेघ ओढून ह्यांना खिडक्या दाखवल्या. हे कामानिमित्त मुंबईला गेले होते, तर येताना रेवसच्या लाँचमधून दाराची पितळी कडी घेऊन आले. भिंतीचा पत्ता नाही आणि कडी आली. सासूबाई म्हणाल्या, "आता हिला लावायला दार आणा." मी ती कडी ट्रंकेत शालूखाली ठेवली.

झाडं तुटतील, कोळणींची मासळी कुठे जाईल, हे मनात आलंच नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. मी ते बाजूला सारलं. घर नसलेल्या बाईला हे जमतं.

गावात मात्र गडबड सुरू झाली. पुढारी कोण, तर निवृत्त हेडमास्तर. त्यांचा रोजचा सकाळचा फेरफटका राईतून असायचा आणि त्या फेरफटक्यावर घाला येतोय म्हणताच त्यांना सगळ्या गावाचं हित दिसू लागलं. सभा झाल्या, भाषणं झाली. कोळीवाडा सभांना आला, पण मागे उभा राहिला. मग एके दुपारी आमची मासळीवाली मावशी टोपली घेऊन दारात आली आणि मासळी न काढता पायरीवरच बसली.

"बाय, तुजा अक्षर चांगला हाय," ती म्हणाली. "आमचा येक अर्ज लिवून दे. मास्तर लिवतील ते मास्तरांचा व्हईल. आमचा वेगला पायजे."

मी फायनल पास होते आणि घराघरांतली पत्रं मीच लिहून द्यायची, ही खोड मला भोवली. आमचं नाव यादीत आहे हे तिला माहीत नसावं असं मी धरून चालले. सांगावं असं वाटलं, पण जीभ उचलली नाही. मी कागद घेतला.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. झाडं कुणी लावली आठवत नाही, इतकी जुनी आहेत. सावलीत माणसं जाळी विणतात. बिया सगळं गाव वेचतं. वादळात राईमुळे वारा अडतो. आणि मग ती म्हणाली, "आनि लिव, सगल्या कोलीवाड्याची सुकी मासली या पटांगनावर व्हते. दुसरी जागा आमाला न्हाय. ही गेली तर पावसाल्यात आमी खायाचा काय?"

माझा टाक थांबला. अर्जात जोर होता तो ह्या एकाच वाक्यात. बाकी सगळं सावली नि वारा. हे वाक्य साहेबांनी वाचलं तर माझ्या दोन खिडक्या गेल्याच. मी दौतीत टाक बुडवला, कागदावर नुसता फिरवल्यासारखा केला आणि खाली लिहिलं, "आपले विश्वासू".

मग तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ते वाक्यसुद्धा वाचलं, जसं काही लिहिलेलंच होतं. संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यातल्या बायकांनी त्यावर अंगठे लावले. मावशीने जाताना चार पापलेटं पानात बांधून ठेवली आणि मोल घेतलं नाही. ती मी रांधली, पण मला जाईनात. सासूबाईंना वाटलं, दिवस गेले की काय.

अर्ज वर गेला आणि चौकशीला खुद्द प्रांतसाहेब येणार असं कळलं. इथे आमच्या गावाने जी करामत केली तिला तोड नाही. हेडमास्तरांनी फर्मान काढलं की साहेब येतायत, आपली राई कशी दिसली पाहिजे! वास येता कामा नये. माणसं घरात पाहुणा यायचा म्हटल्यावर जे करतात तेच सगळ्यांनी केलं. कोळणींनी बांबू उपटले, दोऱ्या सोडल्या, बोंबील नि जवळा टोपल्यांत भरून घराघरांत नेला. जाळी उचलली. सारवलेल्या जमिनीवर किनाऱ्याची स्वच्छ वाळू आणून पसरली. एका म्हातारीने तर वाटेवर रांगोळी काढली. जागा आमच्या वापराची आहे हे दाखवायला बोलावलेल्या माणसासमोर आम्ही वापराची एकही खूण शिल्लक ठेवली नाही. आणि हे कुणाच्या म्हणजे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसले.

साहेब आले. तरणे, चष्म्याचे, बोलायला नम्र. सगळं गाव लोटलं होतं. हे कचेरीच्या माणसांत उभे होते, मी बायकांत. साहेबांनी राईतून एक चक्कर मारली, पटांगणाच्या कडेला उभे राहिले आणि अर्ज उघडला.

"झाडांचं वर्णन छान केलंय," ते म्हणाले. "झाडं दहा-बारा ठेवताही येतील घरांच्या कडेनं. पण ही मोकळी जागा कुणाच्या उपयोगात आहे असं काही दिसत नाही."

हेडमास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांनीच तर वाळू पसरायला लावली होती. कोळणी एकमेकींकडे पाहू लागल्या. अर्जात लिहिलंय ना, असं त्यांच्या डोळ्यांत होतं, पण साहेबासमोर बोलणार कोण?

तेवढ्यात साहेबांचं लक्ष पलीकडे गेलं. सगळं पटांगण स्वच्छ वाळूचं, आणि कडेच्या उंडीशी एक चौकोन तेवढा गवताचा. गुडघाभर वाढलेलं, पिवळं पडलेलं, सगळ्या बाजूंनी सुरी फिरवल्यासारखं सरळ. मी त्या दिवशी पहिल्यांदाच ते नीट पाहिलं. अर्ज लिहिल्यापासून मी राईत जायचंच टाळत होते.

"एवढाच तुकडा साफ करायचा का राहिला?" साहेबांनी सहज विचारलं.

"राह्यला न्हाय सायेब," मावशी पुढे येऊन म्हणाली. "तो या बायचा हाय. तिचा घर व्हयाचा हाय तिथं. खुट्या ठोकल्या तवापासना तिच्या जागंत आमी म्हावरा टाकीत न्हाय, पाय बी देत न्हाय. म्हनून गवात वाढला."

आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. रागाने नाही हो. एखाद्या लग्नात नवरी दाखवतात ना, तसं.

म्हणजे तिला माहीत होतं. अर्ज सांगायला पायरीवर बसली तेव्हाही माहीत होतं. बाकीच्या सगळ्या तुकड्यांत खुंट्यांच्या नाकावर टिच्चून ह्या बायकांनी जवळा पसरला होता, आणि माझा एक तुकडा मात्र सोडून दिला होता. ज्यांचं वाक्य मी चोरलं त्या माझी जागा राखत होत्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही.

"साहेब," मी म्हणाले. "अर्ज मी लिहिलाय. त्यात एक वाक्य राहिलंय."

"कोणतं?"

मी मावशीचं वाक्य म्हणून दाखवलं, तिने सांगितलं होतं तसं, तिच्याच बोलीत. आणि मग कोळणींकडे वळून ओरडले, "बघता काय? आणा की टोपल्या बाहेर!"

पुढच्या अर्ध्या तासात काय झालं ते सांगायला मजा येते. घराघरांतून टोपल्या निघाल्या. बांबू उभे राहिले, दोऱ्या ताणल्या, वाळूवर जवळा पडला, रांगोळीवरून माणसं धावली. वास असा सुटला की साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि रुमालाआडून हसत वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. एवढी धावपळ झाली, पण गवताच्या चौकोनात कुणी पाऊल टाकलं नाही.

भांडायला तरी घरात जागा कुठे होती? संध्याकाळी दोघं राईत गेलो आणि मी ह्यांना सगळं सांगून टाकलं.

"वाक्य गाळलंस ते मला विचारलं नाहीस," हे म्हणाले. "आणि सांगितलंस तेही विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"पहिल्याला नको म्हटलं असतं," हे म्हणाले. "दुसऱ्यालाही म्हटलं असतं बहुतेक." मग स्वतःच हसले आणि माझ्या केसांत अडकलेलं उंडीचं फूल काढलं. असा माणूस मिळाला म्हणून माझं निभलं.

दोन महिन्यांनी निकाल आला. राई आणि पटांगण राहिलं. वसाहत गावाबाहेर खाजणापलीकडे नेली, तिथे जागा थोडी म्हणून यादी नव्याने झाली आणि तीत आमचं नाव नव्हतं. कचेरीतले काही जण ह्यांच्याशी वर्षभर नीट बोलले नाहीत. दोन खोल्या त्याच राहिल्या. पितळी कडी ह्यांनी शेवटी फडताळाला लावली.

निकाल लागला त्याच दुपारी मी पटांगणावर गेले. खुंट्या उपटून झाल्या होत्या. मावशी जवळा हलवत होती. मी म्हटलं, "मावशी, तुला सांगायचंय. ते वाक्य राहिलं नव्हतं. मी मुद्दाम गाळलं होतं."

"म्हाईत हाय," ती मान वर न करता म्हणाली.

"कसं माहीत?"

"मना वाचता येत न्हाय, बगता येतं. सगला अर्ज तू खाली बगून वाचलास. त्या वाक्याला वर बगितलास."

"मग अंगठा का लावलास?"

आता तिने मान वर केली. मी एवढं साधं कसं विचारते असा तिचा चेहरा होता. "तुजा बी घरच व्हता ना बाय."

मी तिथेच रडले, भर उन्हात, बायकांच्या देखत. रडून झाल्यावर तिला म्हटलं, आता त्या तुकड्यात जवळा टाक. ती ऐकेना. जागा तुझी आहे म्हणत राहिली. तेव्हा मी तिच्याच विळ्याने गवत कापलं, टोपली उचलली आणि मधोमध उपडी केली. मला काय येतंय पसरायला? ढीग नुसता. मावशी पोट धरून हसली. मग शेजारी वाकून हातात हात धरून तिने मला शिकवलं, पातळ कसा करायचा, एकावर एक कसा येऊ द्यायचा नाही.

आमचं स्वतःचं घर कधी झालं नाही. पण अजूनही उन्हं चढली की पटांगणात सुना सासवांना विचारतात, जवळा कुठं टाकायचा. आणि सासवा सांगतात, "टाक बायच्या घरात."