तक्त्यात नसलेली जागा

अनंताने आयुष्यात एक मोठं काम केलं, पण ते कुणाला दाखवता येत नाही. कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत जे काही घडतं, ते त्याचं काम. चित्र आलं की लोक वा वा करतात. त्याच्या आधी काय झालं, हे विचारायला कोण बसलंय?

अनंता डोळखांबकडच्या एका पाड्यातला, बारकू आणि सकुबाईचा धाकटा मुलगा. बी.एस्सी. झाला आणि नव्याण्णव साली शहापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागला. तिथे ई-मेलवरून त्याची पाच-सहा जणांशी ओळख झाली. मराठीतून चालणारी आणि कुणालाही फुकट देता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम करायची, असं त्या मंडळींनी डोक्यात घेतलं होतं. अक्षरं कशी दिसावीत, मेनू कसे असावेत, यावर सगळ्यांच्या उड्या. डिस्कचे भाग पाडणं आणि मशीन सुरू करून देणं, हे काम मात्र कुणालाच नको होतं. ते अनंताच्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं.

काम नाजूक होतं. लोकांच्या मशीनवर आधीचं काय काय असतं. त्याला धक्का न लावता नव्या सिस्टिमला जागा करून द्यायची. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक एवढासा तक्ता असतो. कुठला भाग कुठून कुठवर, आणि सुरू होताना आधी कुठे जायचं, एवढंच त्यात लिहिलेलं. अनंताने नियम ठरवला: तक्त्यात जे आहे त्याला हात लावायचा नाही, तक्त्यात नाही ती जागा रिकामी. सगळ्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या कुणी हा नियम केला असता तर समजण्यासारखं होतं. पण बारकूच्या पोराने करावा?

पाड्यामागच्या उतारावर बारकूच्या आज्यापासून नाचणी होत होती, पण सातबाऱ्यावर त्या उताराला यांचं नाव कधी लागलंच नाही. अनंता कॉलेजात असताना एका आषाढात जंगलखात्याचे साहेब आले, नकाशा उघडला, जागा रिकामी आहे म्हणाले आणि सागाची रोपं लावून गेले. नाचणीची लावणी नुकतीच झाली होती. बारकू मातीच्या हातांनी तिथेच उभा होता. "मी हितं उभा हाय, नाचणी उभी हाय. मंग रिकामी कशी?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. अनंता शेजारीच होता. तो दिवस तो विसरला नव्हता. फक्त नियम लिहिताना त्याला तो आठवला नाही.

सकुबाईचा गळा सगळ्या पट्ट्याला माहीत होता. त्यांच्या घरात नातीच्या हळदीला पहिलं गाणं आजीने म्हणायचं. दोन हजार एक साली तिला धाप लागायला लागली, तेव्हा मुरबाडला दिलेली थोरली मुलगी हिराबाई भावाला म्हणाली, "आयचा आवाज भरून ठेव रे. माझ्या रविनाच्या हळदीला ती असंल, नसंल."

अनंताने आईला क्लासात आणलं, पुढे माईक ठेवला आणि अकरा गाणी भरून घेतली. पुढच्या वर्षी सकुबाई गेली. मग क्लासही बंद पडला. तो जुना कॉम्प्युटर अनंताने भाचीच्या अभ्यासासाठी हिराबाईकडे नेऊन दिला, गाण्यांसकट. दुसरी प्रत करायची होती, ती आज-उद्या करता राहून गेली. साऱ्या जगाला प्रती काढून ठेवायला सांगणारा हा माणूस, आईच्या बाबतीत चालढकल करत राहिला.

दोन हजार पाचच्या वैशाखात रविनाचं लग्न ठरलं. हळद आठ दिवसांवर आली आणि विजेच्या लपंडावात तो कॉम्प्युटर सुरू होईना. झालं होतं एवढंच, की सुरुवातीचा तो तक्ता पुसला गेला होता. गाणी जागच्या जागी होती, त्यांची नोंद तेवढी राहिली नव्हती. रविनाने मामाच्या सिस्टिमची सीडी घातली. पडद्यावर स्वच्छ मराठीत आलं: "डिस्क रिकामी आहे. सगळी जागा वापरू का?" तिने 'हो' दाबलं. का नाही दाबणार? शब्द मामाचे होते.

तासाभराने तिचा शहापूरला फोन आला. "मामा, चालू झाला! तुझीच सिस्टिम टाकली. पण आजीची गाणी कुठं दिसत नायत रे."

अनंता मिळेल त्या जीपने मुरबाडला आला आणि तीन दिवस त्या डिस्कपुढून उठला नाही. हिराबाई चहा आणून ठेवायची आणि गार झाला की उचलून न्यायची.

"मामा, मीच 'हो' दाबलं ना," रविना रडत म्हणाली.

"नाय गो. तू नुसतं वाचलंस. लिहिलेलं मी."

तिसऱ्या दिवशी दुपारी सहा सेकंदांचा एक तुकडा हाती लागला. बाकी गाण्यांवर आता नव्या सिस्टिमची, त्या मंडळींनी केलेली सुबक मराठी अक्षरं जाऊन बसली होती. त्याच दिवशी अनंताने प्रोग्राममधलं ते वाक्य काढून टाकलं आणि तिथे लिहिलं, "इथे काय आहे ते मला कळत नाही. आधी घरच्यांना विचारा." वाक्य चांगलं होतं, पण उशिरा सुचलं होतं.

हळदीच्या दिवशी हिराबाई म्हणाली, "जेवढं हाय तेवढं लाव." बायका पाटाभोवती बसल्या. सकूचा आवाज येणार म्हणून बारकूला पुढे खुर्ची दिली होती. किती उरलाय, हे त्याला सांगायचा धीर कुणाला झाला नव्हता. अनंताने बटण दाबलं.

"चालू झाला का रे, अनंता? बोलू का?"

बस. गाणं आता येईल म्हणून बायका थांबून राहिल्या. अनंताने मान वर केली नाही.

बारकू खुर्चीतून वाकला, स्पीकरच्या अगदी जवळ गेला.

"झाला गो," तो म्हणाला. "बोल तू."