मामंजींचं गाऱ्हाणं

लग्न होऊन मी मुलुंडच्या घरात आले तेव्हा मामंजी अर्धांगवायूने खाटेला खिळले होते. आवाज शाबूत होता, शब्द गेले होते. ते घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटायचे आणि ते घरात एकाच माणसाला कळायचं. बायला.

बाय सासूबाईंच्या गावची, मालवणाकडची विधवा. मामंजींचं दुखणं काढायला म्हणून तिला बोटीने मुंबईत आणलेलं. काम एकच ठरलं होतं, त्यांना न्हाऊमाखू घालायचं आणि भरवायचं. मी आले तोवर त्या एका कामाला मसाला कुटणं, विहिरीवरून पाणी आणणं, पापड लाटणं अशी पिल्लं झाली होती. शेजारणीचं तान्हं न्हाऊ घालायलासुद्धा सासूबाई तिला उसनी द्यायच्या, वाटीभर साखर द्यावी तशी. फरक इतकाच की साखर देताना त्यांच्या जिवावर यायचं.

"बाय आमच्या घरचीच आहे," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. घरची म्हणून तिची ट्रंक सासूबाईंच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. घरची म्हणून तिला रजा नाही, कारण आपल्याच घरातून माणूस रजा घेऊन जाणार कुठे? मी नवी सून, म्हणजे मीही घरचीच. त्यामुळे या शब्दातली मेख मला चटकन कळली होती आणि भयंकर राग यायचा. बोलायची सोय नव्हती, म्हणून मी भांडी आपटायचे.

त्या वर्षी बायच्या लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि लेकीचं माहेर म्हणजे बाय. ती इथे, तिकडे दाराला कुलूप. लेकीच्या सासरचे निरोपावर निरोप धाडत होते की पोरीला घेऊन जा. बायने जायचं काढलं की सासूबाई म्हणायच्या, "पावसात बोटी बंद असतात गं. पोहत जाणार का तू?" बोटी सुरू व्हायची वेळ आली तशा म्हणाल्या, "गणपती होऊ देत, मग बघू." गणपतीमागे नवरात्र उभंच होतं. बाळ काही तोवर थांबणार नव्हतं. बाय मामंजींचे पाय चोळता चोळता डोळे पुसायची आणि मामंजी तिच्याकडे बघत काहीबाही पुटपुटत राहायचे.

गणपती आले. आमच्याकडे आरतीनंतर गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता पुरुष सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागतो आणि दर वाक्याला बाकीचे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात. मामंजींचं गाऱ्हाणं एके काळी गाजलेलं. आदल्या वर्षी मात्र ते माझ्या नवऱ्याने घातलं होतं. तो कचेरीत कारकून. त्याने देवापुढे रजेचा अर्ज केल्यासारखी विनंती केली, फक्त 'आपला आज्ञाधारक' म्हणायचं तेवढं राहिलं. म्हणून यंदा जमलेल्या गाववाल्यांनी ठरवलं की खाटेवरून का होईना, मामंजींनीच गाऱ्हाणं घालायचं. ते म्हणतील आणि बाय सांगेल.

खाट देवासमोर आणली. मामंजी घुर्र्‌ करून काही बोलले. बाय त्यांच्या तोंडाशी वाकली आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "बा देवा महाराजा, तुझ्या लेकरांनी जी काय सेवा केली ती गोड मानून घे."

"व्हय महाराजा!"

"काय चुकला असात ता पोटात घाल."

"व्हय महाराजा!"

मामंजी पुन्हा बोलले, या वेळी जरा लांबलचक. बाय क्षणभर थांबली.

"माझी सेवा करता त्या बायचा चेडू पयल्यान बाळंत होवचा आसा."

"व्हय महाराजा!"

"त्येच्या आवशीक पयल्या बोटीन गावाक जांव दे."

"व्हय महाराजा!"

"आणि तिची ट्रंक कपाटातसून भायर येंव दे."

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा होता. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पण देवापुढे हो म्हटलेलं परत कसं घेणार, आणि तेही सगळ्या आळीच्या साक्षीने? मला इतका आनंद झाला की मी प्रसादाचे दोन मोदक तिथेच खाल्ले. गोदीत काम करणारा एक गाववाला म्हणाला, "बोटीचा तिकीट मी हाडतंय, वयनी." सासूबाईंनी मुकाट्याने कमरेची किल्ली काढली.

बाय गेली. पुढे निरोप आला की नातू झाला. ती परत आली नाही, आणि आली नाही ते बरंच झालं असं मला वाटलं.

ती गेली त्या संध्याकाळी नवरा मामंजींना भात भरवताना निम्मा उशीवर सांडत होता आणि सासूबाई पापडांच्या पिठाकडे नुसत्या बघत होत्या. मी खाटेशी गेले. हळूच विचारलं, "मामंजी, ते ट्रंकेचं तुम्ही म्हणाला होता का?"

मामंजींचा अर्धा चेहरा हसला. मग ते बोलायला लागले, बराच वेळ, अगदी मनापासून. मी शेवटपर्यंत ऐकलं. पण ते काय म्हणाले हे सांगायला आता घरात कुणीच नव्हतं.