रविवारच्या टेस्टआधीचं रेकॉर्डिंग

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. अमावास्या असतेच, गाडी बंद पडतेच, आणि जे काही दिसायचं ते सांगणाऱ्याच्या चुलतमामालाच दिसतं... आमच्या घरी असले लाड नव्हते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा गंडेदोरे, अंगारे-धुपारे सगळं घराबाहेर गेलं ते गेलंच. वडील मास्तर होते. ‘पुरावा दाखव, मग बोल’ असं ते पाचवीतल्या पोरांनासुद्धा सांगायचे. त्यांची मुलगी इथे लिहायला बसली आहे हे त्यांना अजिबात आवडलं नसतं. पण दोन वर्षं झाली, गोष्ट पोटात राहत नाही.

मी वाशिमला इंग्रजीचे क्लास घेते. बारावीनंतर केंद्रीय विद्यापीठांची जी प्रवेश परीक्षा असते, तिच्या इंग्रजीच्या पेपरची तयारी. व्याकरण, शब्दसंग्रह, उतारे, उलटसुलट वाक्यं जुळवणं. मुलं बहुतेक खेड्यांतली. मालेगाव, मेडशी, जऊळका, मानोऱ्याकडची काही. हुशार असतात, पण इंग्रजी म्हटलं की घसा कोरडा पडतो. म्हणून मी एक पद्धत ठेवली होती. रोज पहाटे स्वयंपाकघरात बसून पन्नास शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. नंबर, शब्द, मराठी अर्थ, एक वाक्य. पंखा बंद, दार बंद. प्रत्येक शब्द वाचून झाला की कागदावर पेन्सिलीने टिक. मग ती फाइल ग्रुपवर टाकायची. दर रविवारी सकाळी आठला टेस्ट, आणि मार्क सगळ्यांसमोर, खालून वर वाचायचे. मुलं मला मागून काय म्हणतात ते मला माहीत आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि एक नियम होता. परीक्षेआधीचा शेवटचा महिना कोणी गावी जायचं नाही. पालकांच्या मीटिंगमध्ये मी स्पष्ट सांगायचे, की घरी काहीही झालं, आजारपण, भांडण, अगदी काहीही, तरी परीक्षा होईपर्यंत मुलांच्या कानावर घालू नका. पालक माना डोलवायचे. आपल्याकडे तसंही हेच करतात ना? ‘पेपर होऊ द्या, मग सांगू.’ वर मी माझंच उदाहरण द्यायचे. अमरावतीला एम.ए.चे पेपर चालू असताना माझे वडील गेले. मला शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं, आणि मी कॉलेजात पहिली आले. ही गोष्ट ऐकली की वर्ग एकदम गप्प व्हायचा. मला ते गप्प होणं आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी अश्विनी नावाची मुलगी होती, मेडशीची. वडिलांची गावात पिठाची गिरणी. गजाननभाऊ आठवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षराशी ओळख नाही, पण मुलीची उजळणी तेच घ्यायचे. तिने सगळे शब्द देवनागरीत लिहून गिरणीच्या भिंतीला चिकटवले होते. गिऱ्हाइकाचा डबा उतरवता उतरवता ते ओरडायचे, “रिलक्टंट म्हंजे काय व?” आणि उत्तर चुकलं तर गिऱ्हाईक हसायचं. हे तिनेच मला सांगितलं होतं. तिला हैदराबादच्या विद्यापीठात जायचं होतं. शेवटच्या महिन्यात ती आणि जऊळक्याची कोमल वाशिमला एका खोलीत राहत होत्या.

परीक्षेला तीनएक आठवडे असताना गजाननभाऊंचा मला फोन आला.

“मॅडम, मी अश्विनीचा बाप बोलून राह्यलो. मले छातीत दुखून राह्यलं आठ दिवसापासून. अकोल्याच्या डाक्टरनं पाह्यलं, नळ्या ब्लाक हायेत म्हने. अडमिट व्हा म्हनते. पन पोरीची परीक्षा झाली का जातो. तिले काई सांगू नोका.”

मी म्हटलं, “भाऊ, तुम्ही थांबू नका, लवकर ॲडमिट व्हा.”

“हाव, पाहतो. पन तिले...”

“तिला मी नाही सांगणार. परीक्षेपर्यंत तुम्हीही कळू देऊ नका.”

मी हे अगदी सहज बोलले. फोन ठेवून पुढचे पेपर तपासायला घेतले. त्यानंतर आठ दिवस अश्विनी माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होती आणि मी तिला शब्द विचारत होते.

आता त्या रविवारचं. पहाटे साडेपाचला मी नेहमीसारखं रेकॉर्डिंग केलं, पन्नास टिका मारल्या, सहाला फाइल टाकली. आठला हजेरी घेतली तर अश्विनीची जागा रिकामी. कोमलला विचारलं, तर ती म्हणाली, “मॅडम, ते गावाले गेली ना सातच्या गाडीनं. तुमीच तं पाठवलं.”

मुलांसमोर तमाशा नको म्हणून मी आधी टेस्ट घेतली. तोवर माझं डोकं तापून निघालं होतं. घरच्यांनी हिला सांगितलेलं दिसतं आणि ही माझं नाव पुढे करते, असा मी हिशेब लावला. टेस्ट संपल्यावर फोन केला.

“कोणाला विचारून गेलीस?”

“मॅडम, तुमीच तर म्हटलं.” तिला खरंच काही समजत नव्हतं असं आवाजावरून वाटलं, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

“मी? कधी? अश्विनी, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोल!”

मग फोन वडिलांनी घेतला. त्यांनी बाजूला जाऊन हळू आवाजात सांगितलं, “मॅडम, देवाशपथ, आमी काई नाई सांगतलं तिले. मीच तिच्यावर चिडलो, टेस्ट सोडून काहून आली म्हनून. ते म्हनते मॅडमनं धाडलं.”

“मी कशाला धाडू, भाऊ? दुपारी दोनला दुसरा पेपर आहे. अकराच्या गाडीने तिला परत पाठवा.”

“हाव जी. धाडतो.”

दुपारी ती आली नाही. मी तिच्या नावापुढे लाल पेनाने शून्य लिहिलं. संध्याकाळी कोमलच्या आईचा फोन आला. गजाननभाऊ चारच्या सुमाराला गिरणीतच कोसळले, अकोल्याला नेताना जीपमध्ये गेले.

चौथ्या दिवशी मी मेडशीला गेले. गिरणी रस्त्यालाच, शटर अर्धं ओढलेलं. घरात गेल्याबरोबर अश्विनीच्या आईने माझे दोन्ही हात धरले.

“मॅडम, तुमच्यामुळं पोरीच्या हातचं पानी भेटलं त्यायले. जीपमंदी तिच्याच मांडीवर डोकं होतं. तुमचे उपकार कसे फेडू?”

मी फक्त मान हलवली, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ तिने तिला हवा तो घेतला.

मग अश्विनीने सगळं सांगितलं. त्या सकाळी कोमल तिची वेणी घालत होती, मोबाइल खिडकीत ठेवून दोघी शब्द ऐकत होत्या. शब्दांच्या मधेच, रेकॉर्डिंगमधून, मी तिला घरी जा म्हटलं. दोघींना वाटलं, मॅडमला काहीतरी कळलं असेल, फोन करायला वेळ नसेल. ती तशीच निघाली. घरी आली तर पप्पा गिरणीत पीठ झाडत होते, ठणठणीत. त्यांची बोलणी खाल्ली, मग माझी खाल्ली. अकराच्या गाडीसाठी ते स्वतः तिची बॅग घेऊन स्टँडवर आले.

“मी रडून राह्यली होती, मॅडम. पप्पाले म्हटलं, मी खोटी नाई, ऐका तुमी. आन तेथीच लावून दाखवलं. त्यायनं दोनदा ऐकलं. गाडी आली. कंडक्टर आवाज देऊन राह्यला. तं पप्पा म्हने, सकाऊनची मॅडम बराबर बोलली, इचंच ऐकू. आन बॅग घेऊन माघारी फिरले.”

त्या दिवशी गिरणी बंद ठेवून बापलेकी आतच बसले होते. भिंतीवरचे शब्द त्यांनी एकूण एक विचारले. तिने डबा उघडून त्यांना जेवायला वाढलं. आजाराचं मात्र त्यांनी शेवटपर्यंत तिला सांगितलं नाही.

“लावू का, मॅडम?” तिने मोबाइल पुढे केला.

मला नको होतं, पण नाही कसं म्हणणार? माझाच आवाज सुरू झाला. कुकरची शिट्टीही नाही, पंखाही नाही, माझं ते बंद स्वयंपाकघर. एकतीस, फ्रूगल, काटकसरी. बत्तीस, ड्राउझी, पेंगुळलेला. वाक्य वाचून झालं. आणि मग, कागद उलटताना घेते तेवढा श्वास घेऊन, त्याच आवाजात... “अश्विनी, टेस्ट राहू दे बाई. तू आज घरी जाय.” लगेच तेहतीस.

मी वर्गात कधी वऱ्हाडी बोलत नाही. मुलांना बोलू देते, स्वतः नाही. ‘जाय’ असं मी वडील असताना घरात म्हणायचे, त्याला तीस वर्षं झाली. आणि ‘राहू दे बाई’ हे ज्या मायेने म्हटलं होतं, तशी मी कुठल्याही विद्यार्थ्याशी बोललेली नाही. आवाज मात्र माझा होता. स्वतःचा आवाज माणसाला ओळखता येतो हो!

परतीच्या गाडीत मी माझ्या मोबाइलमधली फाइल लावली. बत्तीस, ड्राउझी. तेहतीस. मधे काही नाही. घरी येऊन कागद काढला, पन्नास टिका बरोबर. बॅचमधल्या पाच-सहा जणांना काही कारण सांगून फाइल ऐकायला लावली, कोणाकडेही ते वाक्य नाही. अश्विनीला फाइल परत मला पाठवायला सांगितली. ती आली, त्यातही नाही. तिच्या मोबाइलवर लावली की आहे. चौदा मिनिटं वीस सेकंद ही वेळ सगळीकडे सारखीच. ते वाक्य जर जास्तीचं असेल तर वेळ कशी वाढली नाही?

भाचा इंजिनियर आहे. त्याने ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, “मावशी, आजकाल एआयने कोणाचाही आवाज काढता येतो.” येतो, मान्य. पण मी फाइल टाकली सहाला, मुलगी खोलीतून निघाली साडेसहाला. त्या अर्ध्या तासात कोणी काढला? अश्विनीनेच केलं म्हणावं तर तिला आजाराचं माहीत नव्हतं. कोमल तर साधा फोटो पाठवताना दोनदा चुकते. मग मी दुसरंही ताडून पाहिलं. मनात आठ दिवस सलत होतं, पहाटेच्या झोपेत तोंडातून निसटलं असेल, मला भान नसेल... पण मग ते माझ्या फाइलमध्ये का नाही? पुरावा दाखव म्हणणाऱ्या माणसाची मुलगी मी, आणि माझ्याकडे पुरावा आहे तोच मला समजत नाही.

एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती. अमरावतीला शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा काका गेटवर उभे होते, हातात केळ्यांची फणी. मी दहा मिनिटं त्यांना पेपर किती सोपा गेला ते सांगत होते. ते ऐकून घेत होते. वडिलांना मूठमाती देऊन तीन दिवस झाले होते. पहिली आल्याचं सांगताना मी ती दहा मिनिटं नेहमी गाळायचे. त्या परीक्षेपायी कोणी मला ‘जा’ म्हटलं नाही याचा राग मला आहे, हे मेडशीच्या त्या घरात बसून पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी तो राग पोरांवर नियम करून लादत होते.

अश्विनीने परीक्षा दिली. इंग्रजीत तिला चांगले मार्क पडले, हैदराबादला तिला जागा मिळाली. आता मी पालकांना सांगते, मुलांपासून काही लपवू नका, परीक्षा पुढच्या वर्षीही येते. रेकॉर्डिंग करणं सोडलं. भीती वाटते असं नाही, पण पेन्सिल हातात घेतली की बत्तीसनंतर मी थांबते आणि कान देते, मग पुढचं वाचवत नाही. हे काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा, पण मनाचे खेळ म्हणू नका, कारण ते एका मोबाइलमध्ये आहे.

गेल्या महिन्यात अश्विनीचा मेसेज आला. “मॅडम, पप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही त्या दिवशी सांगितलं म्हणून मी पोचले.” गेल्या वर्षीही असाच आला होता. तेव्हा मी हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी झाले. या वेळी नाही पाठवलं. अश्विनीही हे सदर वाचते, तिनेच मला एकदा सांगितलं होतं, म्हणून इथे लिहिते आहे. समोर बोलायची हिंमत नाही.

अश्विनी, तुझे पप्पा आजारी आहेत हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही.