हजर हाय, खाली हाय

नव्या सुती साडीला खळीचा वास आला, की मला बेळगावच्या कोर्टातला तो जिना आठवतो. माझी थोरली बहीण, आक्का, कुबड्या घेऊन चालायची. खानापुरातलं तिचं सरकारी ऑफिस वरच्या मजल्यावर गेलं आणि तिला जिना चढता येईना. साहेबांनी तिला गैरहजर ठरवून नोकरीवरून काढलं. त्यावरच्या अपिलाची सुनावणीही नेमकी वरच्याच मजल्यावर. आमच्या शहापूरच्या मागावरची कडक साडी नेसून आक्का खालच्या बाकावर बसली. "चल गं, उचलून न्हेतो," आमचे वडील, आप्पा, म्हणाले. "नको आप्पा. उचलून न्हेलंत तर जिना बरोबर आनि मीच चूक, असं ठरतंय." तेवढ्यात वरून शिपायानं तिच्या नावाचा पुकारा केला. आक्का मान वर करून ओरडली, "हजर हाय! खाली हाय!" आवारातले वकीलसुद्धा वळून बघायला लागले. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. न्यायाधीशबाई स्वतः खाली उतरत होत्या आणि त्यांच्यामागून, फाईल छातीशी धरून, आक्काला काढणारे साहेब. बाई बाकावर आक्काशेजारी टेकल्या; साहेब उभेच राहिले. "आधी लिहा," बाई कारकुनाला म्हणाल्या, "अर्जदार हजर." निकाल पुष्कळ दिवसांनी लागला, चांगला लागला. पण माझ्या अंगावर आजही काटा येतो, तो त्या दोन शब्दांनी.