खोडावरचे चिरे

रत्नप्रभाबाईंची एकतीस वर्षं वणीच्या सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या सह्या आणि अंगठे तपासण्यात गेली. निवृत्त झाल्या तरी नजर तीच राहिली. दूधवाल्याचं माप, शेजारणीचा उपास, सख्ख्या भावाचा ताप, सगळं त्यांना एकदा तपासून घ्यावंसं वाटे. कचेरीतली एक वस्तूही त्यांच्याबरोबर घरी आली होती. लाखेचे शिक्के खरवडायचा, हाडाच्या मुठीचा छोटा चाकू. तो त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असे.

मुकुटबनजवळ वडिलांकडून आलेली चार एकर जमीन होती. तिथं बाईंनी संत्र्याचा बगीचा लावला. ती कापसाची वाईट सालं होती. बोंडअळी, पडलेले भाव, आणि जिल्ह्याचं नाव पेपरात आलं की वाचणाऱ्याचा चहा गार व्हावा अशा बातम्या. बाई म्हणायच्या, सगळा गाव एकाच पिकाच्या मागे लागतो, मग बोंबलतो. संत्र्याला पाचवं वर्ष लागलं होतं आणि पहिला खरा बहर झाडावर होता. आपण शहाण्या ठरतो की गावाच्या हसण्याचा विषय होतो, हे त्या बहरावर ठरणार होतं, आणि त्यापायी बाईंना धड झोप लागत नव्हती.

बगीचा सांभाळायचा किसनसिंग. तांड्यावरचा माणूस, वरुडकडे संत्र्यात काम करून आलेला. बायको जमनी निंदण करायची. किसनसिंग कमी बोलायचा, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल बाईंचं मत चांगलं नव्हतं. दर शनिवारी त्या एसटीने यायच्या, झाडन् झाड बघायच्या आणि निघताना फाटकाशी उभ्या राहून किसनसिंगची पिशवी उघडायला लावायच्या. जमनीचा डबासुद्धा सुटायचा नाही. पिशवीत कधी काही सापडलं नाही. यावरून तो पक्का मुरलेला आहे, असं बाईंचं मत झालं.

त्या वर्षी आषाढात विहिरीजवळच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला.

किसनसिंग म्हणाला, "बाई, डिंक्या हाय हा. पाणी बुंध्याले लागून राह्यलं. आपली जमीन भारी, पाणी मुरत नाई. मी दुहेरी आळं करतो. बुंध्याभवती मातीचा गोल, अन् पाणी त्याच्या भायेर."

"म्हणजे झाडाला पाणी लांबून दाखवायचं?"

"मुळ्या भायेरच असते ना, बाई."

त्याने सगळी आळी तशी करून टाकली. पुढच्या शनिवारी बाईंनी ती पाहिली, आणि धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या बाजूला, शेजारच्या पुंडलिकरावांचा कापूसही पाहिला. तो धुऱ्याच्या कडेला जरा जास्तच हिरवा दिसला. हे पुंडलिकराव बगीचा लावताना म्हणाले होते, "बाई, ह्या जमिनीत संत्रा तुम्हाले रडवन." तेव्हापासून त्यांचा आपल्या विहिरीवर डोळा आहे, हे बाईंनी मनात नक्की केलं होतं. आता सगळं जुळलं. बुंध्यापासून वाचवलेलं पाणी जातं कुठं, ते समोर दिसत होतं. बाईंनी तिथंच उभं राहून आतले गोल मोडायला लावले आणि बुंध्यापर्यंत पाणी सोडायला लावलं.

मोडले नाहीत ते फक्त कोपऱ्यातल्या अकरा झाडांचे. तिथं चिंचेवर आग्या मोहोळ होतं. लहानपणी बाईंना माश्यांनी असं फोडलं होतं की त्या चिंचेच्या पन्नास पावलांत जात नसत.

डिंक मात्र वाढला. आधी एक झाड, मग ओळच्या ओळ. कोणीतरी बुंध्यात काही टोचतंय, अशी बाईंना खात्री झाली. मग त्यांनी तपास हाती घेतला. चाकू काढायचा, विहिरीजवळच्या आजारी झाडापासून सुरुवात करायची, साल जराशी खरवडून आत हिरवं आहे की तपकिरी ते पाहायचं, आणि पुढच्या झाडाकडे जायचं. वाकून वाकून कंबर दुखे, पण कोपऱ्यातली अकरा वगळता एक झाड त्यांनी सोडलं नाही.

किसनसिंग एकदा म्हणाला, "बाई, झाडाले चाकू नोका लावू."

"का? काय निघेल आत?"

तो फावडं उचलून पुढच्या ओळीत गेला. बाईंना वाटलं, सापडला.

दिवाळीच्या सुमारास निम्मा बगीचा पिवळा पडला. फळं हिरवीच गळत होती. पुंडलिकरावांच्या शेतात वेचणी चालू होती, धुऱ्यावर वीसेक बाया ओटीत कापूस घेऊन उभ्या होत्या. कोणीतरी बोट दाखवलं, की कोपऱ्यातली अकरा झाडं तेवढी झक्क आहेत. बाईंचा पारा चढला. आपण जिथं जाऊ शकत नाही तेवढंच याने नीट ठेवलं.

"पुंडलिकरावानं तुला काय दिलं ते सांग," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "माझी झाडं मारायचं काय ठरलं होतं?"

पुंडलिकराव काही बोलायला पुढे झाले, पण किसनसिंगने हात करून त्यांना थांबवलं. मोटारपंपाच्या खोलीची किल्ली त्याने फाटकाच्या खिळ्याला अडकवली. जमनीने खुरपं धुतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. ती दोघं निघाली तेव्हा बाईंनी सवयीने पिशवी पाहिली. महिन्याभराने कळलं की किसनसिंग राजूरला ट्रकमध्ये कोळसा भरायला जातो. मुकुटबनात त्याला कोणी कामावर ठेवेना. बाईंच्या बोलण्यावर कोणाचा पूर्ण विश्वास नव्हता, पण उगाच कशाला, असं लोकांना वाटलं.

बाईंचा भाचा चारुदत्त फळबागांचा जाणकार होता. पौषात तो आला. विहिरीपाशी उकिडवा बसला, दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं. मग कोपऱ्यात चिंचेखाली जाऊन आला.

"मावशी, रोग तर डिंक्याच. पाणी बुंध्याशी तुंबलंय. पण एवढा झपाट्यानं कसा पसरला ते बघ." त्याने खोडावर बोट ठेवलं. "डिंक प्रत्येक झाडाच्या एकाच उंचीवरून येतोय. इथं चिरा आहे. या झाडालाही, त्यालाही. कोणीतरी आजारी झाडाला लावलेलं पातं तसंच पुढच्या झाडाला लावत गेलंय. त्या कोपऱ्यात चिरा नाही आणि आळं दुहेरी आहे, म्हणून ती झाडं धड आहेत."

बाईंची पर्स काखेत होती.

"तुझ्या गड्यानंच केलं असणार," चारुदत्त म्हणाला. "बरं झालं काढलास."

इतकं सोपं होतं. भाच्याने निकाल लिहून ठेवला होता, फक्त मान हलवायची होती. बाईंनी आयुष्यभर खोट्या सह्या पकडल्या होत्या आणि आता स्वतःच एक करायची वेळ आली होती. मग त्यांनी पर्स उघडली, चाकू काढला आणि भाच्याच्या हातात दिला.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "एकेक झाड. वाकून."

तिथून त्या तडक धुऱ्यावर गेल्या. शेवटची वेचणी चालू होती. बाया त्याच होत्या, पुंडलिकरावही होते. जे जिथं बोललं ते तिथंच मागे घ्यायचं, एवढा कचेरीचा नियम त्यांना ठाऊक होता. त्या पूर्ण बोलल्या. पुंडलिकरावांचं नावही घेतलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि बाईंनी पाणी गाळलेलं आहे का ते न विचारता पिऊन टाकलं.

तांड्यावर त्या पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. किसनसिंग कोळशाने काळे झालेले हात घासत होता.

"माझी चूक होती," बाई म्हणाल्या. "चाकू माझा होता."

"थे तं मले पयल्या दिवसापासून मालूम हाय."

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं अस्तं तं तुमी मानलं अस्तं?"

जमनी म्हणाली, "मोरचूद अन् चुना आणा. खोडाले लावा लागन. उशीर झाला."

उशीर झालाच होता. साठ झाडं गेली, पहिला बहर गेला. दोघं कामावर परत आली. उरलेल्यांची खोडं दोघांनी मोरचूद-चुन्याच्या निळ्या मलमाने रंगवली आणि किसनसिंगने पुन्हा सगळी आळी दुहेरी केली. तो मलमाने निळे झालेले हात घेऊन काम करत होता, तोच पुढचा शनिवार आला.

बाई एसटीतून उतरून फाटकाशी आल्या. किसनसिंग फाटक धरून उभा राहिला आणि बाजूला झाला नाही.

"बाई," तो म्हणाला, "पर्स दाखवा."

रस्त्यावरून पुंडलिकरावांची बैलगाडी जात होती, ती हळू झाली. बाईंचे कान तापले. पाच वर्षं हा माणूस दर शनिवारी इथंच उभा राहत होता, बायकोच्या डब्यासकट. त्यांनी पर्स उघडून धरली. किसनसिंगने चष्म्याचं घर उचलून पाहिलं, रुमाल झटकला, मग सावकाश आतल्या कप्प्याची चेन ओढली. कप्पा रिकामा होता.

त्याने चेन नीट लावून पर्स परत दिली आणि फाटक उघडलं. पुढच्या शनिवारी तो आळ्यात काम करत होता, फाटकाशी कोणीच नव्हतं. बाई तिथं थांबल्या आणि पर्स उघडून त्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.